लेवुबूची मॅकाडेमिया: जमीन परत मिळाल्यानंतरची कामं

जमिनीचा दावा मंजूर होतो, मालकीचा कागद समारंभात हातात पडतो आणि त्याची बातमी होते. बागेचं काम त्यानंतर सुरू होतं. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातल्या लेवुबू खोऱ्यात, परत मिळालेल्या जमिनींवर मॅकाडेमियाच्या (कडक कवचाचा, काजूसारखा सुका मेवा) बागा चालवणाऱ्या कृष्णवर्णीय समाजसंस्थांना तांत्रिक मदत करणाऱ्या गटात आम्ही आहोत. आमच्यापैकी काहीजण मूळचे महाराष्ट्रातले, नागपुरी संत्रा आणि कोकणातला काजू यांत शिकून तयार झालेले. बाग ताब्यात घेण्यापासून विकलेल्या मालाचे पैसे खात्यात येईपर्यंत काय करावं लागतं आणि कुठे अडतं, तेवढंच इथे मांडतो.

१९१३ च्या नेटिव्ह्ज लँड ॲक्टने देशातली जेमतेम ७ टक्के जमीन कृष्णवर्णीयांसाठी ठेवली. १९३६ च्या कायद्याने ती मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास गेली. लेवुबूत गोऱ्या शेतकऱ्यांची वसाहत बसवताना व्हेंडा आणि त्सोंगा कुटुंबांना टप्प्याटप्प्याने हटवलं गेलं. त्यांतली कित्येक माणसं त्याच जमिनीवर मजूर म्हणून राबत राहिली. म्हणून ‘यांना बाग सांभाळता येत नाही’ हे बोलणं आम्हाला मुळीच मान्य नाही. छाटणी, फवारणी, वेचणी ही कामं इथे वर्षानुवर्षं याच हातांनी झाली आहेत. त्यांना दूर ठेवलं गेलं ते बँकेच्या खात्यापासून, पाण्याच्या नोंदीपासून, माल घेऊन फोडणाऱ्या कारखान्याबरोबरच्या करारापासून. त्यांचा सहभाग वाढवायचा तर तो या तीन जागी वाढला पाहिजे, आणि आमचा बराचसा वेळ तिथेच जातो.

जमीन परत करण्याचा कायदा १९९४ चा. दावा करायची मुदत ३१ डिसेंबर १९९८ ला संपली. दावा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून जमीन प्रत्यक्ष हातात येईपर्यंत बरीच वर्षं जातात, आणि नुकसानीची सुरुवात याच काळात होते. जाणारा मालक नवी झाडं लावत नाही, ठिबकच्या नळ्या बदलत नाही, छाटणीवर खर्च करत नाही. त्यामुळे ताबा घेण्याआधी बागेची पाहणी हे आमचं पहिलं काम. प्रत्येक तुकड्यात जाऊन झाडं मोजायची, वाण लिहायचा, उंची घ्यायची, बुंध्याची साल चाकूने हलकेच खरवडून आत तपकिरी पट्टा आहे का ते बघायचं. पंपाचा विसर्ग कागदावर असतो तो धरायचा नाही, बादली आणि घड्याळ घेऊन स्वतः मोजायचा.

पाहणीत सर्वाधिक निसटते ती जंगम मालमत्ता. खरेदीचा करार जमीन आणि झाडांचा असतो. ट्रॅक्टर, फवारणी यंत्र, फळाची हिरवी साल काढायचं यंत्र, वाळवणीच्या टाक्यांचे पंखे यांची स्वतंत्र यादी करारात जोडली नसेल तर विकणारा ती घेऊन जातो, आणि त्यात बेकायदेशीर काही नसतं. मग मार्चमध्ये माल खाली पडू लागतो तेव्हा समाजाकडे बाग असते, पण साल काढायला यंत्र नसतं. यादीत यंत्राचा क्रमांक, मोटरची ताकद आणि चालू स्थितीतला फोटो हवा.

जमीन ज्या संस्थेच्या नावावर होते ती म्हणजे कम्युनल प्रॉपर्टी असोसिएशन, १९९६ च्या कायद्याखाली नोंदलेली. इथे सगळे तिला सीपीए म्हणतात. तिच्यात शेकडो कुटुंबं असू शकतात. सभासदांची यादी पक्की करणं हे कंटाळवाणं काम वाटतं, पण पुढची बहुतेक भांडणं त्या यादीतून निघतात. मयत आजोबांच्या नावावरचा हक्क कुणाकडे गेला, लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव आहे का, जोहान्सबर्गला कामाला असलेल्यांनी मत कसं द्यायचं, हे सगळं संस्थेच्या घटनेत लिहून ठेवावं लागतं. वार्षिक सभा आणि तपासलेले हिशेब दरवर्षी वेळेवर झाले नाहीत तर बँक आणि सरकारी खातं दोन्ही दार बंद करतात. जमीन विकायची किंवा गहाण टाकायची तर सभेत सभासदांची मंजुरी लागते, आणि सरकारी पैशाने घेऊन दिलेल्या जमिनीवर बहुतेक वेळा सरकारची संमतीही. या अटी जमीन पुन्हा हातची जाऊ नये म्हणून आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. परिणाम मात्र असा की कर्जासाठी तारण म्हणून जमीन उभी राहत नाही.

सीपीए स्वतः बाग चालवत नाही. ती जमीन एका कंपनीला भाड्याने देते आणि त्या कंपनीत भागधारक असते. लेवुबूत सुरुवातीला जी रचना पुढे आली तिच्यात समाजाकडे ५० टक्के, बाहेरच्या अनुभवी भागीदाराकडे ४८ आणि शेतमजुरांकडे २ टक्के हिस्सा होता. कागदावर छान दिसते. अडचण अशी की व्यवस्थापन, खरेदी आणि विक्री सगळं भागीदाराच्या हातात राहतं. तो व्यवस्थापन शुल्क आधी उचलतो, आणि नफा उरला तरच समाजाला लाभांश मिळतो. पहिल्या फेरीतले काही भागीदार आर्थिक अडचणीत येऊन बाहेर पडले तेव्हा मागे देणी राहिली. आता करार बघताना आम्ही चार गोष्टींवर अडून बसतो. भाडं नफ्यावर अवलंबून नसावं. व्यवस्थापन शुल्क उलाढालीवर न ठरता ठरलेल्या कामांवर ठरावं. समाजातल्या तरुणांना कोणत्या वर्षी कोणतं पद मिळणार ते तारखेसह लिहावं. आणि कारखान्याकडून येणारी प्रत्येक प्रतवारी पावती एकाच वेळी दोघांकडे जावी. चौथी अट सर्वात स्वस्त आहे आणि तिच्यावरच सर्वाधिक कुरकुर होते.

पाण्याचं वेगळं प्रकरण आहे. १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्यानंतर पाणी जमिनीच्या मालकीबरोबर आपोआप येत नाही, वापराची नोंद किंवा परवाना लागतो. जमीन हस्तांतरित होते, पण पाण्याची नोंद जुन्या मालकाच्या नावावर तशीच राहते, कधी थकबाकीसह. म्हणून ताब्याच्या आधीच नोंदवलेलं प्रमाण किती घनमीटर, कुठल्या स्रोतातून, किती हेक्टरसाठी, हे लेखी मागवायचं. नवीन जमीन फोडायची असेल तर आणखी एक कागद लागतो: १ हेक्टर किंवा त्याहून जास्त नैसर्गिक झाडोरा काढायचा असेल तर पर्यावरण मंजुरी, आणि २० हेक्टरपासून पुढे संपूर्ण परिणाम अभ्यास. तो चुकवून नांगर घातला तर दंड बसतो आणि पुढचं अनुदान अडकतं.

आता झाडांकडे. वारशाने आलेली बाग बहुतेक वेळा उंच आणि दाट झालेली असते. ओळी एकमेकींत मिसळलेल्या, आत अंधार, खालच्या फांद्या मेलेल्या, फळ फक्त शेंड्याला. फवाऱ्याचं औषध तिथवर पोचत नाही आणि ढेकूण (फळात सोंड खुपसून रस शोषणारा कीटक) तिथेच बसतो. ओळींमध्ये ८ मीटर अंतर असलेल्या बागेत झाड ६ मीटरच्या फार वर जाऊ द्यायचं नाही, असं आमचं मोजमाप आहे. वेचणी संपल्यावर दर झाडाची एक किंवा दोन जाड फांद्या खोडापासून काढायच्या, म्हणजे उजेड मधल्या खोडापर्यंत उतरतो. सगळी उंची एका वर्षात छाटली तर उघडी पडलेली साल उन्हाने भाजते आणि दोन हंगाम उत्पन्न बसतं. ही छाटणी तीन वर्षांत वाटायची. ज्या समाजाला पहिल्याच वर्षी लाभांशाची आशा दाखवली गेली आहे त्याला हे पटवणं कठीण जातं, पण त्याला दुसरा इलाज नाही.

सालीखालचा तपकिरी पट्टा म्हणजे फायटोफ्थोरा. नागपूरकडचे संत्रा बागायतदार त्याला डिंक्या म्हणून ओळखतात, बुरशीसारखाच तो जीव. मॅकाडेमियात बुंध्यावर काळपट डिंक झिरपतो, पानं पिवळी होतात, झाड हळूहळू वरून वाळत येतं. कारणही तिकडचंच: बुंध्याशी पाणी साचणं, कलमाचा सांधा मातीत गाडला जाणं, आच्छादन खोडाला टेकवणं. सांधा उघडा करायचा, पाणी खोडापासून लांब न्यायचं, आणि पोटॅशियम फॉस्फोनेट वेळापत्रकानुसार द्यायचं. औषधाच्या आधी निचरा सुधारला नाही तर औषधाचे पैसे वाया जातात.

नवी लागवड असेल तर रोपवाटिकेत रोपं दीड-दोन वर्षं आधी नोंदवावी लागतात. अनुदानाच्या मंजुरीची वाट बघत बसलं तर मंजुरी आणि रोपं कधीच एका वेळी येत नाहीत. जमीन खड्डे घेऊन बघायची. निदान १ मीटर मोकळी, निचऱ्याची माती हवी. नसेल तर गादीवाफे उंच करायचे. ८ बाय ४ मीटरवर हेक्टरी ३१२ झाडं बसतात. बोमाँ या वाणाबरोबर ए४ किंवा ८१६ सारखा दुसरा वाण जवळच्या ओळींत ठेवला तर परपरागीभवन होऊन फळधारणा सुधारते. एका तुऱ्यावर १०० ते ३०० फुलं येतात आणि त्यांतली मोजकीच टिकतात, त्यामुळे मधमाश्यांच्या पेट्या फुलोऱ्याच्या काळात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बागेत हव्यातच.

खड्ड्यात सिंगल सुपर फॉस्फेट टाकायची महाराष्ट्रातली सवय इथे आणायची नाही. मॅकाडेमिया प्रोटिएसी कुळातली आहे. स्फुरद कमी असलेल्या जमिनीतून तो ओढून घेण्यासाठी तिच्या मुळांवर बारीक मुळ्यांचे दाट झुबके येतात. जास्त स्फुरद दिलं की हे झुबके बनत नाहीत आणि नव्या पानांत लोह आणि जस्ताची कमतरता दिसते. माती परीक्षण करायचं, सामू कमी असेल तर चुना लागवडीच्या वर्षभर आधी मिसळायचा, आणि खोडाला पातळ केलेला पांढरा रंग लावायचा, म्हणजे कोवळी साल भाजत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी थोडं फळ दिसतं, पूर्ण उत्पन्न दहाव्या वर्षाच्या आसपास. तोपर्यंत घरखर्चाला पैसा हवा. लेवुबूत केळी आणि ॲव्होकाडो दोन्ही होतात, त्यामुळे आम्ही काही तुकडे केळीला राखून ठेवायला सांगतो, कारण केळी वर्षभर थोडा थोडा पैसा देते. सगळी जमीन मॅकाडेमियाखाली नेण्याचा आग्रह सल्लागारांकडून येतो तेव्हा, मधली वर्षं मजुरी कुठून देणार, एवढं एकच विचारावं.

मजुरीचा हिशेब सोपा नाही. मार्च २०२५ मध्ये किमान वेतन तासाला २८.७९ रँड ठरलं होतं, आणि किमान वेतन शेतमजुरालाही लागू आहे. ते मिळालंच पाहिजे; बागेतले मजूर आणि सीपीएचे सभासद पुष्कळदा एकाच घरातले असतात. पण माल मार्च ते ऑगस्टमध्ये येतो, कारखान्याचा पहिला हप्ता त्यानंतर आणि उरलेली रक्कम विक्री झाल्यावर, म्हणजे आणखी महिन्यांनी. फवारणी, खत आणि वीज यांचा मोठा खर्च सप्टेंबर ते फेब्रुवारीत. ही दरी भरायला खेळतं भांडवल लागतं, आणि जमीन तारण नाही म्हणून ते मिळत नाही. लँड बँक (शेतीसाठीची सरकारी बँक) आणि कृषी खात्याची २०२२ पासूनची अनुदान-अधिक-कर्ज योजना याच दरीसाठी उपयोगी पडू शकते. अर्ज करताना पाच वर्षांचा महिनावार रोख प्रवाह जोडा, वार्षिक बेरजा नकोत. वार्षिक तक्त्यात बाग नेहमी फायद्यात दिसते, महिनावार तक्त्यात डिसेंबर-जानेवारी कोरडे दिसतात, आणि मागायची रक्कम तिथूनच ठरते.

त्याच डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, ढेकणावर लक्ष ठेवावं लागतं. पहाटे, ऊन येण्याआधी, थंडीने तो उडू शकत नाही तेव्हा झाडाखाली ताडपत्री अंथरायची, निवडक झाडांवर फवारायचं आणि खाली पडलेले ढेकूण मोजायचे. कवच कडक होण्याआधी त्याने सोंड खुपसली तर फळ गळतं, निदान ते दिसतं तरी. कवच कडक झाल्यावर खुपसली तर बाहेरून काहीच कळत नाही. गरावर खड्डा पडतो, आणि तो कारखान्यात फोडल्यावरच सापडतो. म्हणजे जानेवारीत वाचवलेल्या एका फवारणीची किंमत जुलैच्या पावतीत वजा होते. मोजणीची वही ठेवणाऱ्या बाया आमच्या बागांमध्ये सर्वात महत्त्वाच्या आहेत, आणि त्यांचा पगार मजुरीच्या तक्त्यातून काढून तंत्रज्ञाच्या तक्त्यात टाकावा असं आम्ही प्रत्येक कंपनीला सांगतो.

वेचणीच्या आधी झाडाखालची जमीन साफ हवी. गळलेलं फळ दोन ते चार आठवड्यांच्या फेरीने उचलायचं, पावसात फेरी लवकर घ्यायची. बोमाँ वाण आपणहून नीट गळत नाही, त्याला इथेफॉन फवारून फळ सोडवतात. अशक्त किंवा तहानलेल्या झाडावर इथेफॉन मारला की फळाबरोबर पानंही झडतात. अशी झाडं आधी फितीने खुणावून ठेवायची आणि त्यांचं फळ हाताने काढायचं.

इथून पुढचे दोन दिवस सर्वात नाजूक. हिरवी साल २४ तासांच्या आत निघाली पाहिजे. ढिगात राहिली तर साल तापते आणि गर आतून तपकिरी पडतो. साल काढलेल्या बीत २० ते २५ टक्के ओलावा असतो. तिला टाकीत घालून खालून साधी हवा सोडायची, तापवलेली नाही. ओल्या बीला गरम हवा दिली की गराच्या मध्यभागी तपकिरी डाग पडतो, आणि तोही बाहेरून दिसत नाही. ओलावा १० टक्क्यांपर्यंत उतरल्यावर मगच थोडी ऊब देता येते. कारखान्यात फोडण्याच्या वेळी गरातला ओलावा सुमारे १.५ टक्क्यांवर आणलेला असतो. पंखे बंद पडले की पहिले तासच महत्त्वाचे, म्हणून वीजकपातीसाठी जनित्र पंख्यांना आधी जोडायचं, पंपाला नंतर.

टाकीत भरण्याआधी निवडीच्या टेबलावर फुटकी, कोंब आलेली, भोक पडलेली आणि जुनी बी काढायची. काही बागांत पाण्यात टाकून तरंगणारी अपक्व बी वेगळी करतात. निवड इथे केली तर तोटा फक्त वजनाचा होतो. तीच बी कारखान्यात गेली तर वाहतूक भरावी लागते आणि वर प्रत घसरते.

काजूवाल्यांना ‘उतारा’ (बीच्या वजनातून किती चांगला गर निघतो) हा शब्द माहीत आहे, इथेही सगळा भाव त्यावर. समजा १०० किलो वाळलेल्या बीतून ३३ किलो गर निघाला आणि त्यातला ३ किलो बाद ठरला, तर पैसे ३० किलोचे. बाद गर ६ किलो झाला तर २७ चे. शेतात वजन तेवढंच, पण हातात दहावा हिस्सा कमी. पावतीत बाद गराची कारणं वेगवेगळी दिलेली असतात: ढेकूण, अळी, बुरशी, अपक्व, आतला तपकिरीपणा. प्रत्येक कारण बागेतल्या एका विशिष्ट महिन्याकडे बोट दाखवतं. ढेकूण जास्त म्हणजे उन्हाळी फवारणी चुकली, बुरशी म्हणजे वेचणीची फेरी लांबली, तपकिरीपणा म्हणजे साल उशिरा निघाली किंवा हवा तापवली गेली. ही पावती तुकड्यानुसार ठेवायची तर टाक्याही तुकड्यानुसार भराव्या लागतात, नाहीतर कोणती ओळ बिघडली ते कळतच नाही.

सीपीएच्या बाहेर, जुन्या व्हेंडातल्या (वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशातल्या) सामाईक जमिनींवर, १ ते ५ हेक्टरची बाग करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे फक्त वहिवाटीचा परवाना असतो, साल काढायचं यंत्र नाही, वाळवण नाही. म्हणून ते ओला माल बाग-रस्त्यावर येणाऱ्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत घालतात, वजन तो सांगेल ते. झाडापासून १० टक्के ओलाव्यापर्यंतच्या टप्प्यात या शेतकऱ्यांचा सर्वाधिक पैसा जातो. चोरीचा माल याच वाटेने विकला जातो, त्यामुळे प्रामाणिक लहान शेतकऱ्याच्या पोत्याकडेही संशयाने बघितलं जातं. गावात एक साल काढायचं यंत्र, चार-सहा टाक्या, पंखे, ओलावामापक आणि प्रत्येक पोत्यावर नोंदणी क्रमांक, एवढ्याने ते थेट कारखान्याशी बोलू शकतात. फळं आणि सुका मेवा क्षेत्रातल्या वैधानिक उपकराचा पाचवा हिस्सा कृष्णवर्णीय उत्पादकांच्या विकासावर खर्च व्हावा असा दंडक आहे. तो प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांऐवजी अशा वाळवणीच्या केंद्रांवर खर्च व्हावा, हे आमचं ठाम मत आहे.

२०२२ नंतर मॅकाडेमियाचे भाव कोसळले तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःची वाळवण होती त्यांनी माल थांबवला किंवा दुसऱ्या कारखान्याकडे नमुना पाठवून भाव विचारला. ज्यांनी उचलीच्या बदल्यात सगळं पीक एकाच ठिकाणी बांधून दिलं होतं त्यांना पर्याय नव्हता. म्हणून उचल घेताना करारात पिकाचा ठरावीक भागच बांधायचा, उचलीवरचं व्याज आणि परतफेडीचा क्रम लिहून घ्यायचा, आणि प्रतवारीचा नमुना घेताना आपला माणूस तिथे उभा राहील ही अट घालायची. नमुन्याचा निम्मा भाग सीलबंद करून सीपीएच्या कार्यालयात ठेवायचा, अंतिम हिशेब मिटेपर्यंत. वार्षिक सभेत ताळेबंदाबरोबर तुकड्यानुसार उताऱ्याचा तक्ताही वाचायचा, त्शिव्हेंडा आणि शित्सोंगा या सभासदांच्या भाषांत, आणि ढेकणाची वही ठेवणाऱ्यांनी तो वाचायचा.